1919 साली दत्तक गेलेला आजोबांचा भाऊ: नवं नाव माहीत नाही, शोध कुठून धरू?

अडतीवरचा दिवाणजी, कोल्हापूर

नमस्कार मंडळी.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहे. मूळ गाव भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या काठावर. गावात आमच्या आडनावाची चाळीसेक घरं आहेत, म्हणून आडनाव इथं टाकत नाही. ज्यांना खरंच काही ठाऊक असेल त्यांना वेगळ्या निरोपातून सांगेन.

माझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, एक धाकटा भाऊ होता. नाव जोती. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, त्यांची आई गेली. आठ दिवसांत घरातून तीन मढी निघाली असं आबा सांगायचे. मागं राहिले पणजोबा आणि ही दोन पोरं. आबा सहा वर्षांचे, जोती दोनेक वर्षांचा. पणजोबांनी कसंबसं वर्ष ओढलं. पुढच्या पावसाळ्यात एक नवरा-बायको बैलगाडी घेऊन आली, लेकरू मागितलं आणि पणजोबांनी ते त्या बाईच्या ओटीत घातलं. ती लांबच्या सोयऱ्यातली होती की कुणाच्या ओळखीनं आली होती, हे सांगणारं आज कुणी नाही. पणजोबा त्या विषयावर मरेपर्यंत बोलले नाहीत.

आबांची एक सवय मात्र मी स्वतः पाहिली आहे. ते 1984 ला गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी ते मळ्यातून चिकण माती आणून मळायचे. आम्हा प्रत्येक पोराला बैलांची एक जोडी. शिंगांना जोंधळ्याच्या काड्या, डोळ्यांच्या जागी गुंजा. सगळ्यांच्या जोड्या झाल्या की हातात उरलेल्या मातीचा एकच बैल करायचे, जोडी नसलेला. त्याच्या बरगडीत अंगठा दाबून एक खळगा करायचे. आमचे बैल कोनाड्यात बसायचे. हा एकटा बैल ते दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर नेऊन नदीत सोडायचे आणि म्हणायचे, "ह्ये पाणी त्येच्या गावाला जातंय."

जोतीला नेलं तो बेंदराचा दुसरा दिवस होता. आबांनी त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं जोडी केली होती आणि ती अजून ओली होती. गाडीत बसवताना जोतीनं त्यातला एक बैल मुठीत धरला आणि त्याचा अंगठा मातीत रुतला. आबांनी बैल काढून घेतला नाही. पाऊस लागला होता, त्या बाईनं आपला पदर पोराच्या डोक्यावर धरला आणि गाडी वेशीबाहेर गेली. नेणाऱ्या माणसाच्या पटक्याला तंबाखूचा उग्र वास येत होता, हेही आबा सांगायचे. सहा वर्षांच्या पोराला जेवढं दिसतं तेवढंच त्यांना दिसलं.

माझे वडील, नाना, आता चौऱ्याऐंशीचे आहेत. गेल्या वर्षापासून रात्री झोप लागत नाही, मग उठून बसतात आणि मला विचारतात, "त्येचं नाव काय ठेवलं आसंल रं?" चुलता जिवंत असेल असं त्यांना वाटत नाही, एवढं त्यांना कळतं. पण त्याची पोरं-नातवंडं कुठं तरी असतील, आपल्याच रक्ताची, आणि आपल्याला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही, हे त्यांना सोसत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

आतापर्यंत मी काय केलं ते सांगतो. पणजोबा गेल्यावरची वारसनोंद काढली. मोडीत होती, वाचून घेतली. वारस म्हणून एकट्या आबांचं नाव आहे, जोतीचा उल्लेखच नाही. गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहिलं. आबा सापडले, जोती नाही. एका कार्यालयात जुने दप्तर बघायला तीन हेलपाटे घातले, तिसऱ्या वेळी कळलं की आम्हाला हव्या त्या वर्षांचं बाड वाळवीनं खाल्लंय.

चुलतभाऊ म्हणतो, गाडलेली मढी उकरू नकोस, उद्या ते जमिनीत वाटा मागायला येतील. आम्हाला कुणाकडून काही नको आणि कुणाला काही द्यायची भीतीही नाही. नानांच्या हयातीत एक नाव आणि एक गाव कळावं, एवढंच मागणं आहे. ज्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं बदललं, त्याला शोधतात कसं?


मोडीवाली, राजारामपुरी

दिवाणजी, आधी एक सांगते. वारसनोंदीत जोतीचं नाव नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तोच तुमचा पहिला पुरावा आहे. पोरगं नुसतं सांभाळायला दिलं असतं तर वारस म्हणून दोन्ही मुलं लागली असती. एकच लागला याचा अर्थ गावानं आणि पणजोबांनी दत्तक पक्कं मानलं होतं.

दुसरं, गावाचा नमुना 14 बघितलात का? जन्म-मृत्यूची नोंद असते ती, कोतवाल बुक म्हणतात. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही बाडं गावोगाव बाहेर निघाली आणि बरीचशी स्कॅन झाली. मीही काही दिवस वाचायला बसले होते. 1918 च्या दिवाळीच्या आसपासची पानं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. एरवी एका पानात महिना मावतो, तिथं एकेका दिवसाला पान भरलंय. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याचं अक्षर पहिल्या पानावर मोत्यासारखं आणि आठवड्यानं नुसत्या रेघोट्या. मग दोन पानांनंतर अक्षरच दुसऱ्याचं.

तुमच्या पणजीची नोंद "अमक्याची बायको" अशी असेल, तिचं स्वतःचं नाव शोधत बसू नका. आणि त्याआधी दोन वर्षं मागं जाऊन जोतीचा जन्म शोधा. जन्माची तारीख हातात आली तर पुढं उपयोग होईल. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. पान मिळालं तर फोटो पाठवा, मी वाचून देईन. पैसे नकोत.


शिरोळकर

तुमच्या भावकीचा हेळवी कोण आहे? पुस्तकाच्या आधी त्याला गाठा. सुगी झाल्यावर बैल घेऊन येतो, दारात उभं राहून पिढ्या सांगतो, तो. त्याच्या वहीत पुरुष माणूस गळत नाही. मेला तर मेला लिहितो, दत्तक गेला तर दत्तक गेला. आमच्या खापरपणजोबांचा दुसरा संसार आम्हाला हेळव्याकडूनच कळला. भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, शेवटचा कधी आला होता आणि धान्य कुणी घातलं होतं.


निपाणीकर

राम राम पाव्हणं. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

आबा "ह्ये पाणी त्येच्या गावाला जातंय" म्हणायचे. वेदगंगा तुमच्याकडून मुरगूडच्या अंगानं खाली येते आणि आमच्याकडे यमगर्णीच्या पुलाखालून जाते. पुरात पुणे-बेंगळुरू हायवे जिथं बंद पडतो, तोच पूल. पुढं ती दूधगंगेला मिळते. तुम्ही मुरगूड-कागलकडेच शोधत होता का? नदी तिथं थांबत नाही.

दुसरं, तंबाखू. त्या काळी चंची प्रत्येकाच्या कमरेला असायची, त्या वासाचं कुणाला नवल वाटलं नसतं. सहा वर्षांच्या पोराच्या लक्षात राहावा असा वास पटक्याला येतो तो तंबाखू पिकवणाऱ्याच्या किंवा वखारीत राबणाऱ्याच्या. माझे आजोबा वखारीत होते. त्यांचं अंथरूण धुतलं तरी वास जायचा नाही. आणि निपाणीचा पट्टा म्हणजे तंबाखूचाच.

तिसरं महत्त्वाचं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी ती माणसं तुमच्या गावात होती. म्हणजे सणाच्या दिवशी ती आपल्या घरात नव्हती, वाटेवर होती. बेंदराला आपली बैलं जुंपून कोण घराबाहेर पडेल? त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्या सीमेच्या पट्ट्यात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठातल्या पुनवेला होतो, तुमच्याकडं महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. त्यांचा बेंदूर महिनाभर आधीच झालेला असणार. नानांना विचारून बघा, याबद्दल आबा काही बोलले होते का?


अडतीवरचा दिवाणजी

निपाणीकर, तुमचं उत्तर मी नानांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत इथं आलो आणि नानांनी हात वर केला. म्हणाले, थांब.

आबांनी त्यांना सांगितलं होतं की त्या दिवशी गावातली सगळी बैलं रंगवलेली होती, गाडीची दोन तेवढी कोरी होती. पणजोबांनी त्या माणसाला विचारलं, बैलांना झूल नाही, शिंगांना हिंगूळ नाही, असं कसं? तर तो म्हणाला, "आमची कर महिन्यामागंच तुटली." नाना म्हणाले, मला वाटायचं त्याच्या बैलाला काही इजा झाली असेल. कर तोडणं म्हणजे बेंदराची कर, बैल पळवून तोरण तोडायचा विधी, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. साठ-सत्तर वर्षं ते वाक्य त्यांच्याजवळ होतं.

मी मुरगूडच्या खाली कधी बघितलंच नाही. राज्य बदललं म्हणजे माणूसही तिकडं गेला नसेल असं डोक्यात बसलं होतं. 1919 ला कुठली आली सीमा.


निपाणीकर

तेव्हा तुमचं गाव कोल्हापूर संस्थानात आणि निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. दरबार वेगळा, पण सोयरीक, बाजार, नदी एकच. 1956 च्या नोव्हेंबरात आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. आताचे उतारे कानडीत मिळतात, त्याला घाबरू नका. जुन्या शाळा मराठी आहेत आणि त्यांची जुनी रजिस्टरं मराठीतच आहेत.

आता नाव बदललेला माणूस कसा शोधायचा ते सांगतो. रजिस्टरात मुलाचं नाव नवं असणार, बापाचं नाव दत्तक बापाचं असणार, आडनावही त्यांचंच. पण जन्मठिकाणाचा एक रकाना असतो. मास्तर विचारायचा, पोरगं कुठं जन्मलं? बरोबर आलेला माणूस खरं सांगायचा, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटायचंच नाही. सगळ्या गावाला माहीतच असायचं. 1922 ते 1926 मधले दाखले बघायचे आणि नाव न वाचता फक्त तो रकाना वाचत खाली जायचं. सगळं पान स्थानिक गावानं भरलेलं असतं, त्यात भुदरगड तालुक्यातलं गाव दिसलं की थांबायचं.

एक अडचण आहे. तुमच्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून आबा शाळेत दिसतात. इकडं तशी सक्ती नव्हती. जोती शाळेत गेलाच नसेल तर ही वाट बंद. पण लेकरू मागून आणलेली माणसं त्याला शिकवायला कमी करत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

नदीकाठच्या चार गावांतल्या मुख्याध्यापकांशी माझी ओळख आहे. विचारतो.


ॲडव्होकेट, कसबा बावडा

दिवाणजी, नमस्कार. तुमच्या चुलतभावाच्या शंकेचं उत्तर देते, कारण ही शंका दोन्हीकडं असते आणि शोध तिथंच अडतो.

दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या घरातून कायद्यानंही जातो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात कलम 12 आहे, ते हेच सांगतं, आणि त्याआधीच्या हिंदू कायद्यातही नियम हाच होता. तुमच्या पणजोबांच्या जमिनीत जोतीचा किंवा त्याच्या वारसांचा हिस्सा उरलेला नाही. तसाच तुमचाही त्यांच्या घरात काही हक्क नाही. हे चुलतभावाला दाखवा.

दत्तकपत्र शोधण्यात फार वेळ घालवू नका. त्या काळी दत्तक पक्कं व्हायला कागद लागत नव्हता. जन्मदात्यानं मूल हातानं द्यायचं आणि दत्तक घेणाऱ्यानं हातानं घ्यायचं, हे देणं-घेणं मुख्य. तुम्ही लिहिलंय की पणजोबांनी लेकरू ओटीत घातलं. तेच ते. ज्या घरात वतन किंवा इनाम असायचं तिथं कागद व्हायचे, कारण पुढं भांडण ठरलेलं. साध्या कुणब्याच्या घरात बहुधा नाही. तरी एकदा निपाणीकडच्या नोंदणी कार्यालयात 1919 आणि 1920 ची सूची बघून घ्या, म्हणजे मनात राहणार नाही.

आणि एक. रक्ताचं नातं एका बाबतीत कायदाही तोडत नाही. दत्तक जाण्याआधी ज्या नात्यात लग्न झालं नसतं, ते नंतरही चालत नाही. दोन्ही घरं सोयरीक जुळेल इतक्या अंतरावर आहेत. तेवढ्यासाठी तरी एकमेकांना माहीत असलेलं बरं.


नात, गडहिंग्लज

काका, मी पलीकडच्या बाजूची आहे म्हणून लिहिते.

माझे आजोबा दत्तक आलेले. आम्हा नातवंडांना ते कळलं त्यांच्या तेराव्याला. एक अनोळखी म्हातारे गृहस्थ आले, दारातच उभे राहिले आणि आजोबांच्या फोटोकडे बघत म्हणाले, माझा थोरला भाऊ. घरात एकदम शांतता. माझी आजी उठून आत गेली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिला लग्नापासून माहीत होतं. माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. ज्या कोल्हापुरात 1884 साली कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक येऊन शाहू छत्रपती झाला, तिथं आमच्या घरात हा शब्द काढायची चोरी होती. आजोबांच्या दत्तक आईला वाटायचं, कळलं तर पोरगं परत जाईल. ती गेली, पण तिची भीती घरात तशीच राहिली.

माझे वडील त्या गृहस्थांवर चिडले होते. आज ते दर दिवाळीला त्यांच्याकडं जातात. पण मधली चार वर्षं वाया गेली, आणि ती केवळ दारात अचानक उभं राहिल्यामुळं.

म्हणून हात जोडून सांगते, पत्ता मिळाला तरी थेट दारात जाऊ नका. त्या घरातल्या कुणाला हे माहीतच नसेल. आधी गावातलं एखादं जाणतं माणूस मध्ये घाला, किंवा पत्र लिहा. पत्रात पहिल्याच ओळीत लिहा की काही मागायचं नाही. आणि बैलाचं जरूर लिहा. जमिनीचे कागद बघून माणसं घाबरतात, पण असं काही वाचलं की त्यांनाही आपल्या घरातलं काही तरी आठवतं. आमच्याकडं आजोबांची एक पितळी वाटी होती, कुणाच्याच भांड्यांच्या सेटमधली नसलेली. ती कुठून आली हे त्या गृहस्थांनी सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं.


अडतीवरचा दिवाणजी

ताई, तुमचं मी नानांना वाचून दाखवलं नाही, त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी स्वतः वाचलं. बराच वेळ लागला. मग म्हणाले, त्या माऊलीला वाटलं असणार, पोरगं परत जाईल. आमच्या बाजूनं आम्ही नेहमी पणजोबांचाच विचार केला, आबांचा केला. पदर धरून बसलेल्या त्या बाईचा कुणी केला नव्हता. दारात जाणार नाही, शब्द देतो. पत्र नानाच लिहिणार म्हणतात, मोठ्या अक्षरात.

मोडीवाली ताई, नमुना 14 ची नक्कल मिळाली, फोटो पाठवलाय. पणजीची नोंद तुम्ही सांगितली तशीच निघाली, "बायको", नाव नाही. तिच्या वर आणि खाली आमच्याच घरातली आणखी दोन.

शिरोळकर, हेळवी सापडला. भावकीतल्या नव्वदीच्या एका आज्जींकडं त्याच्या मुलाचा फोन नंबर होता, भिंतीवर खिळ्यानं कोरलेला. तो वही बघून बोलला. पणजोबांखाली दोन मुलगे लिहिलेत. थोरले आबा. धाकट्यापुढं "दत्तक, खाली नदीला" आणि गावाचं नाव. वहीला त्या जागी घडी पडून फाटलंय, त्यामुळं नावाचं शेवटचं अक्षर तेवढं वाचता येतंय, "णी". त्या बाजूच्या गावांची वही त्याच्या चुलत्याकडं आहे, सुगीला दोन्ही वह्या घेऊन येतो म्हणालाय. त्याच्यासाठी पायली जोंधळे नानांनी आत्ताच वेगळे काढून ठेवलेत.


निपाणीकर

"णी" वर संपणारी गावं आमच्याकडं एकापेक्षा जास्त आहेत, तेव्हा लगेच यमगर्णी धरून बसू नका. पण एका शाळेत मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढून ठेवलंय. 1923 चा एक दाखला त्यांना वेगळा वाटला. मुलाचं वय सात. जन्मठिकाणाच्या रकान्यात दोन शब्द आहेत, दुसरा "पेटा भुदरगड" असावा असं ते म्हणतात. शाई उडाली आहे, फोनवर नक्की सांगता येईना. परवा शाळेला सुट्टी आहे, ते माझ्यासाठी उघडणार आहेत. मी उजेडात नीट बघून येतो. बरोबर भिंगही नेतोय.


अडतीवरचा दिवाणजी

निपाणीकर, मी येऊ का विचारणार होतो, पण नको. तुम्हीच बघा, तुम्हाला ती अक्षरं ओळखीची आहेत. मी आलो तर मला जे हवं तेच दिसेल.

फक्त मुलाचं नाव काय लिहिलंय ते तिथूनच कळवा. दाखला आमच्या जोतीचा नाही असं ठरलं तरी कळवा. वेळेचा विचार करू नका. नाना रात्री जागेच असतात.